आईची मुसंडी

(दुपार. स्वयंपाकघरात थोरला आणि त्याची धाकटी बहीण. पलीकडच्या खोलीत, पलंगावर उशांना टेकून त्यांची आई.)

धाकटी : ...आणि जरा हळू बोल. दार उघडं आहे, तिला सगळं ऐकू जातं.

थोरला : ऐकू जातं हे मलाही माहितेय. कळतं का, हा प्रश्न आहे.

धाकटी : कळतं.

थोरला : काल विचारलं, आई, त्या शुश्रूषा केंद्रात राहायला जायचं का? म्हणाली, हो. मग विचारलं, इथंच घरी राहायचं का? हो. शेवटी वैतागून विचारलं, आई, मी बैल आहे का? त्यालाही हो. वर मानही हलवली. आता बोल.

धाकटी : शेवटच्या उत्तरात मला काही चूक दिसत नाही.

थोरला : छोटे, चेष्टा नको.

धाकटी : बरं, नाही करत. पण त्या वाचा शिकवणाऱ्या बाई काय म्हणाल्या ते विसरलास का? मेंदूच्या झटक्यात तिचे शब्द गेले. हाताशी राहिला हा 'हो', आणि अडखळत एखादं 'ते'. तिला 'नको' म्हणायचं असलं तरी तोंडातून 'हो'च पडतो, आणि त्याच्यामागून मानही हलते. तो होकार धरू नका म्हणाल्या.

थोरला : त्याच बाईंनी फणी, पेला, किल्ली अशी चित्रं मांडली होती पुढ्यात. फणी दाखवा म्हणाल्या. आईनं काय केलं?

धाकटी : तोंड फिरवलं.

थोरला : मग?

धाकटी : मग काय? सगळा जन्म इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर गेला तिचा. एका कानात अपघात विभाग, दुसऱ्यात रडणारे नातेवाईक, आणि मध्येच कुणीतरी मोठा डॉक्टर ओरडतोय. सगळ्यांना जागच्या जागी जोडून द्यायची. असल्या बाईला कुणी फणी दाखव म्हटलं तर ती तोंडच फिरवणार. मी असते तर फणी फेकून मारली असती.

थोरला : तुला असं वाटतं, कारण तुला तसं वाटून घ्यायचंय. मला नसेल का वाटत? पण मुद्दा एवढाच आहे की केंद्रात जागा धरून ठेवलीय आणि संध्याकाळपर्यंत कळवा म्हणालेत. माझी रजा संपत आली. तिकडे बांधतोय तो पूल माझ्यासाठी अर्धवट लटकत राहणार नाही. आणि हे घर तरी कशाला ठेवायचं मग?

धाकटी : मी आहे ना. मी दुकान सोडते. चष्म्याच्या काचा घासायला दुसरं कुणीही मिळेल त्यांना.

थोरला : कुणीही? तूच म्हणायचीस, तुझ्यासारखा हात अख्ख्या बाजारात नाही म्हणून.

धाकटी : म्हणायचे. आता नाही म्हणत. ते सोड. फोन करायच्या आधी एक काम कर माझ्यासाठी. तिच्याबरोबर एक डाव खेळ.

थोरला : कसला डाव?

धाकटी : कसला म्हणजे? आपला. अंतराळातला. तू तिकडे, आम्ही इकडे, दर सुट्टीच्या दिवशी एकमेकांची साम्राज्यं बुडवत बसायचो तो.

थोरला : वेडी आहेस का? तिला चमचा नीट धरता येत नाही.

धाकटी : डाव्या हाताचं बोट चालतं. तिच्या टॅबचा पडदा बोटानं चालणारा आहे. मी बसते शेजारी.

थोरला : आणि नाही जमलं तर? छोटे, तुला कळतंय का तू काय मागतेयस? ती तिथं बसून नुसती पडद्याकडे बघत राहिली, तर ते मी बघायचं? गेलं वर्षभर ती मला त्या खेळात धुऊन काढत होती. माझ्या डोक्यात ती तीच आहे अजून. ती तरी राहू दे.

धाकटी : अरे, म्हणूनच.

थोरला : म्हणूनच काय?

धाकटी : तुझ्या डोक्यातली ठेवशील जपून, आणि खोलीतली पोचवशील केंद्रात. चल, ऊठ. लॅपटॉप घे तुझा.

थोरला : ...आई, जागी आहेस?

आई : हो.

थोरला : आपण जरा खेळूया का? तो ग्रहांचा. तुला त्रास होत असेल तर लगेच थांबू.

आई : हो. हो. ते... ते... हो.

धाकटी : ती म्हणतेय, बडबड कमी कर आणि मांड.

थोरला : तू तिचे अर्थ लावू नकोस. आणि तिच्या वतीनं खेळू पण नकोस. शपथ घे.

धाकटी : हात मांडीवर ठेवलेत, बघ. आई, हा तुझा ग्रह, निळा. ही जहाजं बांधायची गोदी. हा खनिजाचा साठा. सगळं होतं तसंच आहे. तो पलीकडे कुठंतरी अंधारात आहे, नेहमीसारखा.

थोरला : मी सावकाश खेळणार आहे. ढाली चढवतच नाही सुरुवातीला. तिला दोन-चार ग्रह घेऊ दे, जरा बरं वाटेल.

धाकटी : तिच्यासमोरच सांगतोयस.

थोरला : मग? कळलं तर कळलं.

धाकटी : आठवतं, ती हे शिकली कशी? तू कॉलेजात होतास. पोरं एवढं डोळे फोडून काय बघतात म्हणून येऊन बसली. पहिल्या डावात तू तिला सगळं समजावलंस. आधी खाणी काढायच्या, मग वस्त्या वसवायच्या, मग विज्ञान वाढवायचं, आणि मग कधीतरी युद्ध.

थोरला : बरोबरच सांगितलं होतं. शहाणी माणसं तसंच खेळतात.

धाकटी : आणि तिनं विचारलं, शेजाऱ्याला आपण मोठं का होऊ द्यायचं?

थोरला : त्याला खेळात रश म्हणतात, आई. किती वेळा सांगितलं, पण तू नाव ठेवलंस मुसंडी. असेल-नसेल ते खनिज स्वस्तातल्या छोट्या जहाजांत घालायचं आणि समोरच्यानं ढाली चढवायच्या आत त्याच्या दारात जाऊन उभं राहायचं. फसली तर स्वतःचं दिवाळं, मागे काही उरतच नाही.

धाकटी : तिची कधी फसली?

थोरला : एकदा. आणि त्यानंतर आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. ...काय चाललंय तुमच्याकडे? इथं काहीच हलत नाहीये.

धाकटी : विचार करतेय.

थोरला : विचार करतेय की नुसती बघतेय?

धाकटी : तू तुझं बघ. आई, घाई नाही. हं, ते टेहळणीचं यान. पाठवायचंय? पाठव. अगं, वसाहतीचं जहाज राहिलंय, ते रिकामं उभं आहे बघ.

थोरला : सांगू नकोस तिला.

धाकटी : बरं, नाही सांगत.

थोरला : माझी दुसरी वस्ती झाली. तिची अजून एकच? खेळातल्या फळ्यावर सगळ्यांच्या खाणी दिसतात, छोटे. तिची एक खाण होती, ती आता दिसत नाहीये.

धाकटी : हं.

थोरला : हं काय? कुठं गेली?

धाकटी : विकली.

थोरला : खाण विकली? अगं, खाण गेली तर पुढचं खनिज कुठून येणार? चुकून बोट लागलं असेल. परत करता येतं ते. सांग ना तिला.

धाकटी : तूच म्हणालास सांगू नको.

थोरला : आता सांग!

धाकटी : आई, खाण विकली गेली गं. परत घ्यायची? ...तिनं माझा हात बाजूला केला.

थोरला : आणि वसाहतीचं जहाज?

धाकटी : तेही मोडीत काढलं.

थोरला : ...बघ. मी म्हटलं होतं. नको म्हटलं होतं मी. तिला काय चाललंय ते कळत नाहीये. नुसतं जिथं उजेड दिसेल तिथं बोट लावतेय. विज्ञान शून्य, खाणी शून्य, वस्ती एक. छोटे, बंद कर ते.

धाकटी : थांब जरा.

थोरला : कशासाठी थांबू? मला नाही बघवत. टेलिफोन बोर्डावरची माझी आई, आणि...

धाकटी : दादा, थांब म्हणते ना. खेळत राहा.

थोरला : तुझा आवाज का असा येतोय? रडतेयस?

धाकटी : नाही. काही नाही. खेळ.

थोरला : हसतेयस तू. हसण्यासारखं काय आहे यात?

धाकटी : अरे बाबा, काही नाही म्हटलं ना. तू वसव तुझ्या वस्त्या. छान चाललंय तुझं.

थोरला : वसवतो. काय करणार दुसरं? हा तिसरा ग्रह. इथं पाणी आहे. तिला भेट देऊन टाकीन शेवटी, म्हणजे जरा... हे काय आहे?

धाकटी : काय?

थोरला : माझ्या राजधानीवर ठिपके कसले? धूमकेतू?

धाकटी : असतील.

थोरला : निळे धूमकेतू? अगं, जहाजं आहेत ही! छोटी. अख्खं मोहोळ आहे मोहोळ! कुठून आली? ...तिनं खाण विकून जहाजं बांधली? वसाहतीचं मोडून त्याचीही?

आई : हो.

थोरला : आई, माझ्या ढाली खाली आहेत!

आई : हो!

धाकटी : तिला माहितेय. तूच सांगितलंस तिच्यासमोर.

थोरला : थांब, थांब. चढवतो. नाही चढत, वेळ लागतो त्याला. गस्तीची दोन जहाजं आहेत माझी, ती आणतो वळवून. आई, आता बघ हं. आता खरं खेळतोय मी, आता दयामाया नाही.

धाकटी : खरं खेळ. शपथेवर?

थोरला : शपथेवर! ही बघ आलो मागून. तिचं मोहोळ फोडतो मधोमध. ...वळली. माझ्या दोन्हींसमोर तीन ठेवली नुसती अडवायला, बाकीची गेली. कुठं निघालीत? गोदीकडे? गोदी सोड, आई, गोदी गेली तर मी काही बांधूच शकणार नाही!

आई : हो. हो. हो.

धाकटी : दादा, तिचा चेहरा बघ.

थोरला : चेहरा काय बघू, घर जळतंय माझं! ...गेली. गोदी गेली.

धाकटी : तू मुद्दाम सोडलीस?

थोरला : मी? आधी सोडत होतो. नंतर नाही. देवाशप्पथ नाही. छोटे, तिनं टेहळणीचं यान आधी पाठवलं, माझी जागा शोधली, मग एकेक करून घर मोडलं आणि सगळं एकाच ठिकाणी लावलं. हे चुकून नाही होत. कुणाचंच चुकून होत नाही.

धाकटी : मला खाण विकली तेव्हाच कळायला हवं होतं. मला कळलं गोदीत छोट्या जहाजांची ती रांग लागली तेव्हा. एकामागून एक, एकामागून एक... मला ओरडावंसं वाटत होतं.

थोरला : आणि मी तिकडे बंद कर म्हणत होतो.

धाकटी : डोळे पूस. तिला दिसतंय.

थोरला : दिसू दे. आई, तह कर गं बाई. पाठवतो प्रस्ताव. राजधानी ठेव मला, बाकी दोन्ही वस्त्या घे. पाण्यासकट घे. दिसला का प्रस्ताव?

धाकटी : आला. इथं दोन चौकोन आलेत. हिरवा 'मान्य', लाल 'नकार'. आई, तुझ्या मनाचं कर.

थोरला : ...'प्रस्ताव नाकारला.' अगं, नाकारला! पोटच्या पोराचा!

धाकटी : कशी हसतेय बघ. झटक्यानंतर पहिल्यांदा हसली अशी.

थोरला : थांब. छोटे. हसू नकोस, ऐक. तिनं नकार दिला.

धाकटी : मग? कधी तह केलाय तिनं?

थोरला : तसं नाही. तोंडानं तिला 'नाही' म्हणता येत नाही. इथं आलं. हा लाल चौकोन तिनं निवडून दाबला. मी आणखी एकदा पाठवतो. आई, ह्या वेळी दाबू नकोस, तो चौकोन जाईल. नुसतं बोट धर त्याच्यासमोर. छोटे, पडदा तिच्याकडे नीट कर. आई, मी तुझा भाऊ आहे का?

आई : हो.

धाकटी : तोंडाकडे बघू नकोस. बोट लालवर आहे. नकार.

थोरला : मी तुझा थोरला आहे?

धाकटी : हिरवा.

थोरला : मी बैल आहे?

धाकटी : ...जरा विचार केला तिनं. पण लाल आहे.

थोरला : विचार केला नाही, माझी फिरकी घेतली. आई, आता खरं विचारतो. हसू नकोस. त्या केंद्रात राहायला जायचंय तुला?

आई : हो... ते... हो...

धाकटी : लाल.

थोरला : नीट बघ.

धाकटी : दादा, तिनं बोट पडद्यावर टेकवलंय आता. नुसतं धर म्हणालास तरी दाबलंय. गेला चौकोन.

थोरला : पुन्हा पाठवतो. हं. आई, इथं राहायचंय? ह्याच घरी?

धाकटी : हिरवा. आई गं... हिरवा.

थोरला : आणि मी काल तिच्या उशाशी उभा राहून ह्या घराच्या भाडेकराराचं बोलत होतो फोनवर. सगळं कळत होतं तिला. 'हो' म्हणत होती आणि आतून... आई, मला माफ—

धाकटी : ते नंतर. आधी सगळं विचारून घे. आई, मग मी दुकान सोडून तुझ्याजवळ राहते. ठरलं ना?

थोरला : काय म्हणाली? छोटे? सांग ना.

धाकटी : लाल.

थोरला : काय?

धाकटी : लालवर आहे बोट. आई, ऐकलंस ना मी काय म्हटलं? मी घरी राहीन. तुझ्याजवळ. सारखी.

थोरला : हललं का?

धाकटी : नाही. लालच. आणि माझ्याकडे बघतेय, त्या बोर्डावरून कुणाला दम द्यायची तशी. का गं? मी नको झाले तुला?

थोरला : वेडे, तू नको नाहीयेस. तुझी नोकरी सुटायला नकोय तिला. आई, बरोबर बोलतोय मी? सरक, मला बघू दे. हिरवा. हिरवा आहे, बघ.

धाकटी : हो. हिरवाच आहे.

थोरला : रडतेस कशाला आता?

धाकटी : अरे, मला खूप भीती वाटत होती रे. दुकान सोडते, सोडते म्हणत होते तोंडानं, आणि रोज सकाळी ते दुकान उघडताना वाटायचं, हे आता थोडेच दिवस. कुणी विचारलं असतं तर मी हसत सांगितलं असतं की मला काही वाटत नाही. हिनं मला विचारलंसुद्धा नाही. बोट ठेवून मोकळी झाली.

थोरला : मुसंडी मारली तुझ्यावर पण.

धाकटी : मग दिवसा कोण बघणार हिच्याकडे?

थोरला : त्या खालच्या मजल्यावरच्या परिचारिकाबाई, निवृत्त झाल्यात त्या. परवा जिन्यात विचारत होत्या, काही लागलं तर सांगा म्हणून. दिवसभर त्या, संध्याकाळी तू, आणि वाचेच्या बाईंकडे न्यायला गाडी मी लावून देतो. आई? त्या बाई चालतील? त्या जरा जास्त बोलतात, हे आधीच सांगतो.

धाकटी : बोट मध्येच थांबलंय. हिरव्या-लालच्या मधोमध.

थोरला : म्हणजे?

धाकटी : म्हणजे पसंत नाहीत फारशा, पण चालवून घेईन. ...गेलं हिरव्यावर. सावकाश.

थोरला : बरं झालं. आता हे असंच दोन रंगांचं काहीतरी बनवून देतो तिला, कायम हाताशी राहील असं. आणि वाचेच्या बाईंना सांग, फण्या-पेले आवरा म्हणावं. हिला नकाशे दाखवा.

धाकटी : तू आधी तो फोन कर. वाट बघत असतील.

थोरला : करतो... हॅलो, नमस्कार. हो, मीच. आमच्यासाठी जागा धरली होती तुम्ही. ती दुसऱ्या कुणाला देऊन टाका. नाही, नाही, तक्रार काही नाही, तुमची खोली छानच होती. हो, घरीच ठेवतोय. नाही, मी नाही ठरवलं. बहिणीनंही नाही. आईनं. ...हो, आईनंच. आत्ताच विचारलं तिला. नाही, बोलत नाही अजून. पण सांगितलं तिनं. ठीक आहे. आभारी आहे.

धाकटी : काय म्हणाले?

थोरला : काही नाही. आईंना नमस्कार सांगा म्हणाले. आई, तुला नमस्कार सांगितलाय.

आई : हो.

थोरला : छोटे, इतके दिवस छातीवर एक दगड घेऊन हिंडत होतो बघ मी. विमानातसुद्धा उतरला नव्हता. मला वाटत होतं, मी तिला आधीच घालवून बसलोय, आणि आता फक्त आवराआवर राहिलीय.

धाकटी : माहितेय. तू सामान आवरायला लागलास ना, की मला भीती वाटते.

थोरला : आता जरा चहा टाकतेस?

धाकटी : टाकते. पण तुझी राजधानी अजून शिल्लक आहे, तिचा डाव संपलेला नाही. बघ, बोट वर करून थांबलीय केव्हाची.

थोरला : आई, गोदी नाही, जहाजं नाहीत, ढाली नाहीत. शरण आलेल्याला कुणी मारतं का?

आई : ते... ते...

थोरला : बरं बाई, मार. नीट मार. मी बघतो इथूनच.

धाकटी : बघ, पण जरा बाजूला सरक, दादा. तिच्या पडद्यावर तुझी सावली पडतेय.